पोराला कुठल्या शाळेत घालू?

गेल्या वर्षी मे महिना संपता संपता पेण तालुक्याच्या खारपट्टीतील एका गावी बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक दाखवायला गेलो होतो. देवळाच्या ओट्यावर पंधरावीस मंडळी जमली होती. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवायचे, त्यात भाताचे बियाणे ओतायचे, वर तरंगेल ते पोचट काढून टाकायचे, तळाशी बसेल ते दोनतीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवायचे. नोकरीला लागल्यापासून मी हे दर साली दाखवतो. मंडळी माना डोलावतात, चहा घेतात आणि घरी जाऊन बियाणे जसेच्या तसे टाकतात. त्या दिवशीही तसेच चालले होते. कुणाला काही शंका आहे का म्हणून विचारले, तेव्हा मागच्या खांबाला टेकून बसलेले एक गृहस्थ उठले.

“सायेब, बियान्याचं र्‍हाऊं द्या. मना येक सांगा. पुढल्या साली पोऱ्याला सा वरसं पुरी व्हतान. त्याला कंच्या शालेन घालू? पोरगी हाय गावच्या शालेन. पन नाक्यावर आता इंग्रजीची गाडी येतं.”

सारे हसले, पण लगेच गप्पही झाले. कारण प्रश्न प्रत्येकाच्याच घरचा होता. मी वेळ मारून नेली. “शाळा शिक्षण खात्याची, मी शेती खात्याचा,” असे काहीतरी बोललो आणि मोटारसायकलला किक मारली. वाटेत मात्र मन खात राहिले. त्याला कारणही तसेच होते.

वीसएक वर्षांपूर्वी रोहा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने मला हाच प्रश्न विचारला होता. तेव्हा मी तडकाफडकी सांगितले होते, “काहीही शिकव, पण शेतीत ठेवू नकोस.” शेतीचा प्रचार करण्याचा पगार घेणारा माणूस हे बोलला! त्यांनी माझे ऐकले. मुलगा शिकला, पदविका झाली, आणि आज तो कारखान्यात कंत्राटी कामाला आहे. दर काही महिन्यांनी कंत्राट बदलते. घरची अडीच एकर जमीन दोन पावसाळे पडून आहे. वडील भेटले की माझी विचारपूस करतात, रागावत नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते, असे मला कित्येकदा वाटते.

माझ्या स्वतःच्या मुलालाही मी शहरात ठेवून इंग्रजी शाळेत शिकवले. तो पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे, गुणी आहे. परवा फोनवर त्याने विचारले, “बाबा, एका एकरात गुंठे किती?” तेव्हा वाचकहो, मी कुणाला उपदेश करण्याच्या जागी नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण निवृत्ती जवळ आली, आणि त्या गृहस्थांचे उत्तर देणे राहून गेले होते. म्हणून वर्षभर जमेल तसे वाचले, मास्तरमंडळींशी बोललो. बाहेरच्या मुलुखात शेतकऱ्याची मुले कशी शिकतात, हे पाहण्याचा प्रयत्न केला.

परदेशात जाण्याआधी घरचेच पाहू. पेण तालुक्यातील गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहरी भावे जन्मले. तेच आपले विनोबा. त्यानंतर चारच महिन्यांनी, १४ जानेवारी १८९६ रोजी, महाडजवळच्या नाते गावी चिंतामण द्वारकानाथ देशमुख जन्मले. देशमुखांचे घर रोह्याचे, वडील वकील. म्हणजे पेण आणि रोहा या शेजारच्या दोन तालुक्यांतली ही दोन मुले एकाच वयाची.

त्यांनी शाळेकडे कसे पाहिले ते पाहा. देशमुख १९१२ साली मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच मिळवली. पुढे केंब्रिजला निसर्गविज्ञानाची पदवी घेतली आणि वनस्पतिशास्त्राचे पारितोषिकही पटकावले. रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर आणि नंतर देशाचा अर्थमंत्री झालेला हा माणूस मुळात वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी होता, याचा मला शेतकी पदवीधर म्हणून उगाच अभिमान वाटतो. जी परीक्षा समोर आली ती त्यांनी जिंकली.

विनोबांनी १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला जायचे म्हणून घर सोडले. पण शाळा-कॉलेजची प्रमाणपत्रे त्यांनी त्याआधीच आईच्या देखत चुलीत घातली होती. मुंबईला न जाता ते सुरतेला उतरले आणि काशीची वाट धरली. त्याच वर्षी जूनमध्ये ते गांधीजींना जाऊन मिळाले.

एकाने परीक्षा जिंकल्या, दुसऱ्याने जाळल्या. तरी १९५८ साली मॅगसेसे पुरस्कार विनोबांना मिळाला आणि लगेच पुढच्या वर्षी, १९५९ साली, देशमुखांना. गंमत म्हणजे दोघांचेही आयुष्य शेवटी शिक्षणाकडे वळले. देशमुख विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, विनोबा आयुष्यभर हाताने काम करत शिकण्याचा विचार सांगत राहिले. दोघेही १९८२ साली गेले. रोह्याच्याच पांडुरंगशास्त्री आठवल्यांची तिसरी तऱ्हा. त्यांच्या आजोबांनी त्यांच्यासाठी जुन्या तपोवन पद्धतीचा स्वतंत्र अभ्यासक्रमच आखला होता. तेव्हा ‘अमुक एक शाळा म्हणजेच शिक्षण’ असे आपल्या मातीने कधीच मानलेले दिसत नाही. असो.

आता बाहेर जाऊ. पहिला देश अमेरिका, कारण माझ्या धंद्याचा उगम तिथला. तिथे शेतकी महाविद्यालये निघाली, संशोधन झाले, पण वयस्क शेतकरी नवे काही ऐकेनात. शास्त्रज्ञ सांगून थकले. (हे वाचून मला किती बरे वाटले म्हणून सांगू!) मग काही लोकांच्या ध्यानात आले की, बाप ऐकत नाही पण पोर करून पाहते, आणि पोराने पिकवलेले बाप डोळ्यांनी पाहतो. ओहायो राज्यात १९०२ साली ग्रॅहम नावाच्या शाळाप्रमुखाने मुलांचे असे मंडळ सुरू केले. मुले घरी मका लावीत, मातीची परीक्षा करीत, नोंदी ठेवीत. गावोगाव मक्याची मंडळे निघाली. त्यांतूनच डोके, हृदय, हात आणि आरोग्य या चार गोष्टींवर उभी असलेली ‘फोर-एच’ ही चळवळ वाढली. १९१४ च्या कायद्याने तिकडे कृषी विस्ताराचे काम राष्ट्रीय झाले आणि ही मुलांची मंडळे त्याचाच भाग बनली.

हे वाचले तेव्हा जून उजाडला होता. त्या खारपट्टीतल्या गावची शाळा दोन शिक्षकी. तिथल्या गुरुजींना मी विचारले, “तुमच्या तिसरी-चौथीच्या मुलांना मिठाच्या पाण्याचा प्रयोग दाखवू का?” ते म्हणाले, “दाखवू नका, त्यांनाच करू द्या.” खारजमिनीत पहिल्या पावसाने मीठ धुऊन गेल्याशिवाय बी टाकून चालत नाही, त्यामुळे शाळा उघडल्यावरही वेळ हाताशी होता. शाळेच्या पडवीत मुलांनी तराजूत मीठ जोखले, बादलीत ढवळले, बी ओतले. शंभर दाण्यांत पोचट किती, ते एकेक करून मोजले. शेकडेवारी म्हणजे काय हे त्या दिवशी त्यांना फळ्याशिवाय कळले.

पुढची गोष्ट मला गुरुजींनी सांगितली. ते प्रश्न विचारणारे गृहस्थ आठवतात ना? त्यांची मुलगी तेव्हा तिसरीत. ती घरी गेली आणि वडिलांच्या मागे लागली. वडिलांनी कौतुकाने बादली भरली, ३०० ग्रॅम मीठ आणले, कारण सायबांनी तेवढेच सांगितले होते. मुलगी म्हणाली, “बाबा, आपली बादली पंधराची. मीठ साडेचारशे लागंल.” जमिनीवर काडीने हिशेब मांडून तिने तो पटवून दिला.

मी इतकी वर्षे १० लिटरला ३०० ग्रॅम सांगत आलो. समोरच्याच्या घरी बादली केवढी आहे, हे मी एकदाही विचारले नव्हते.

दुसरा देश डेन्मार्क. आकाराने महाराष्ट्राच्या सातव्या हिश्शाएवढा, पण दूध-लोण्यात जगात नाव. तिथे ग्रुंटविग नावाच्या धर्मोपदेशकाने विचार मांडला की, शेतकऱ्याच्या पोरांना आपली भाषा, इतिहास आणि गावकी चालवण्याची अक्कल देणारी शाळा हवी, आणि तिला परीक्षा नको. अशी पहिली लोकशाळा १८४४ साली रोडिंग गावी निघाली. शेतीला काम नसे तेव्हा हिवाळ्यात तरुण मुलगे तिथे राहून शिकत, उन्हाळ्यात मुली येत. पुस्तकी नांगरणी शिकवण्यावर त्यांचा भर नव्हता. गाणे, गप्पा, इतिहास, वादविवाद यांवर होता. मग १८८२ साली तिथल्या शेतकऱ्यांनी पहिली सहकारी दूधडेअरी काढली, आणि नियम काय केला, तर मते माणसागणिक, गाईंगणिक नव्हे! दोन गाई असणाऱ्याला आणि पन्नास गाई असणाऱ्याला एकच मत. हे शहाणपण लोकशाळांतून आले, असे कित्येक अभ्यासक मानतात. आपल्याकडच्या सहकारी सोसायट्यांचे हाल ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको.

आणखी एक मौज. डेन्मार्कमध्ये ऑक्टोबरात शाळांना आठवडाभर सुटी असते. तिला लोक ‘बटाट्याची सुटी’ म्हणत. बटाटे काढायला मुले लागत, म्हणून शाळाच बंद ठेवीत. स्कॉटलंडातही असेच. आता बटाटे यंत्राने निघतात, सुटी मात्र राहिली. आपल्याकडे भाताच्या लावणीच्या दिवसांत वर्गातली निम्मी मुले शेतावर असतात, हे सर्वांना ठाऊक आहे. पण हजेरीपत्रकात तो मुलांचा गुन्हा ठरतो. शाळा बुडवून मुलांना कामाला जुंपा, असे मी म्हणत नाही. शेताचे वेळापत्रक शाळेने ओळखावे, एवढेच म्हणतो.

हे वेळापत्रकाचे दुखणे सर्वांत जास्त कुणाला भोवते, तर पेण-रोह्याच्या डोंगरकपारीतल्या कातकरी वाड्यांना. दिवाळी झाली की घरेच्या घरे वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या भट्टीवर निघतात, ती पावसाच्या तोंडाला परततात. मूल जूनमध्ये शाळेत येते, अक्षरे जुळायला लागतात, आणि ते निघून जाते. परत येते तेव्हा बरोबरची मुले पुढे गेलेली असतात. दोनतीन वर्षांत ते कंटाळून यायचेच थांबते. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना आहे. पण सहासात वर्षांचे लेकरू मागे ठेवायला आईचा जीव होत नाही, आणि त्यात तिचे काय चुकले?

यावर मला सर्वांत कामाचे उदाहरण सापडले ते कुठल्या श्रीमंत देशात नव्हे, तर दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबियात. डोंगराळ देश, कॉफीचे मळे, एका शिक्षकाकडे चारपाच इयत्ता. तिथे १९७० नंतरच्या दशकात व्हिकी कोल्बर्ट या बाईंनी आपल्या सहकाऱ्यांसह ‘नवी शाळा’ नावाची पद्धत बसवली. प्रत्येक मुलाच्या हातात स्वतः वाचून, करून पुढे जाण्याच्या पुस्तिका दिल्या. शिक्षक फिरून मदत करतो, मुले गटात बसून एकमेकांना शिकवतात. कॉफीच्या तोडणीला मूल महिनाभर गेले, तर परत आल्यावर जिथे पान सोडले तिथूनच पुढे सुरू करते. नापास नाही, मागे बसवणे नाही. आपल्या शेतातल्या कामाची नोंदही त्याच अभ्यासात येते. ही पद्धत पुढे कोलंबिया सरकारने हजारो खेड्यांत नेली. आपल्या वाडीवरच्या शाळेचे आणि त्या डोंगरातल्या शाळेचे दुखणे किती सारखे आहे! औषध करून पाहायला काय हरकत आहे, असे मी गुरुजींना म्हणालो. ते म्हणाले, “पुस्तिका कोण लिहील? आणि अहवाल कोण भरील?” त्यांच्या टेबलावरचा माहितीच्या कागदांचा ढीग मी पाहिला होता, म्हणून पुढे काही बोललो नाही.

फिनलंडचे नाव अलीकडे फार ऐकू येते. तिथे मूल सातव्या वर्षी शाळेत जाते, सहाव्या वर्षी फक्त पूर्वतयारीचा वर्ग. आपण तीन वर्षांच्या मुलाला गाडीत कोंबतो! शाळेत सर्वांना दुपारचे गरम जेवण फुकट, तेही १९४८ पासून. हातकाम तर १८६६ पासून शाळेत आहे. शिक्षक व्हायला पाच वर्षांचे विद्यापीठ शिक्षण लागते आणि त्यासाठी चढाओढ असते. तरी तिथलेही गुण हल्लीच्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांत घसरले आहेत. तेव्हा कुणा एका देशाची आरती ओवाळण्यात अर्थ नाही.

जपानात मुले आपला वर्ग आपणच झाडतात, पुसतात, जेवण आपणच वाढतात. पाचवीला भातशेती हा धडाच असतो आणि कित्येक शाळांत मुले बादलीत किंवा वाफ्यात भात लावून पाहतात. पण शाळा सुटल्यावर तीच मुले रात्रीपर्यंत शिकवणीला जातात, हेही खरे. जर्मनीत बहुतेक राज्यांत दहाव्या वर्षीच मुलांच्या वाटा वेगळ्या करतात, ते मला मुळीच पटत नाही. मात्र एक गोष्ट तिथली हेवा वाटावी अशी. शेतकरी होणे हा तिथे शिकून, तीन वर्षे उमेदवारी करून, परीक्षा देऊन मिळवायचा धंदा आहे. ‘काही जमले नाही म्हणून शेती करतो’ असे म्हणायची वेळ त्या पोरावर येत नाही.

आता कुणी म्हणेल, हे सर्व आपल्याकडे गांधीजींनी सांगितलेच होते. खरे आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला परिषद भरली, झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि नयी तालीम पुढे आली. त्या समितीत आपले गागोद्याचे विनोबाही होते. सूत कातता कातता गणित, मळा करता करता विज्ञान. मग ते बुडाले का? माझ्या समजुतीने कारण साधे आहे. टकळी गरिबांच्या पोरांच्या हाती दिली, आणि साहेबांची पोरे दुसऱ्या शाळेत गेली. लोक खुळे नसतात. त्यांनी ओळखले की, टकळीच्या शाळेतून साहेब होत नाही. पुढे त्याचे ‘कार्यानुभव’ झाले. आमच्या वेळी त्या तासाला आम्ही गुरुजींच्या परसातले गवत उपटत असू. त्यातून गवत उपटण्याखेरीज काही शिकलो असेन, तर मला आठवत नाही.

तरी अगदीच अंधार नाही. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञाने १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातून एक दिवस वेल्डिंग, वीजजोडणी, बांधकाम, शेती, अन्नप्रक्रिया शिकवायची, तीही गावाची खरी कामे करून, हा त्यांचा अभ्यासक्रम पुष्कळ शाळांनी घेतला. आपल्या खारपट्टीत असे काही निघाले तर काय काय शिकता येईल! उधाणाच्या भरतीला बाहेरकाठ्याला खांड कशी पडते, उघाडीची झडप कशी चालते, पनवेलच्या संशोधन केंद्राने काढलेले क्षार सोसणारे भात साध्या भाताहून वेगळे कशामुळे. आजोबांना यातले सगळे ठाऊक असते आणि नातवाला काही नसते. मधल्या माणसाने, म्हणजे आपण, ते शिकण्याजोगे मानलेच नाही.

याचा अर्थ पोराने शेतकरीच व्हावे असा कुणी काढू नये. देशमुखांसारखे केंब्रिजला जाणारे पोरही रोह्याच्याच घरातून निघाले. पण कुठेही जायचे तर आधी वाचता आले पाहिजे. ‘असर’ या पाहणीत २०२२ साली असे दिसले की, ग्रामीण भारतात पाचवीतल्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पुस्तकातला मजकूर नीट वाचता येत नाही. यात खासगी शाळेतली मुलेही आली. गाडीचा रंग पिवळा असला म्हणून वाचन आपोआप येत नाही.

यंदाच्या मे महिन्यात पुन्हा त्याच ओट्यावर प्रात्यक्षिक झाले. या वेळी मीठ मी आणले नाही, चौथीत जाणाऱ्या मुलांनी आणले. कार्यक्रम संपल्यावर ते गृहस्थ जवळ आले. म्हणाले, “सायेब, मागल्या साली तुमी पलालांव.” मी कबूल केले. मग जे सुचले ते सांगितले. दोन्ही शाळांत अर्धा-अर्धा दिवस जाऊन बसा. दुसरीतल्या पोराला न शिकवलेला धडा वाचायला सांगा, मग तो मराठी असो की इंग्रजी, आणि वाचलेले त्याच्याच शब्दांत सांगायला लावा. मूल प्रश्न विचारते का, आणि विचारल्यावर मास्तर किंवा बाई काय करतात, ते पाहा. घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत किती तास जातात, ते मोजा. आणि जे मुलाला कराल, तेच मुलीलाही करा. शेवटच्या वाक्याला त्यांनी मान खाली घातली.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर ते खरोखरच दोन्हीकडे जाऊन बसले. एकीकडे नाइलाजाने बसू दिले, दुसरीकडे गुरुजींनी चहा पाजला. गेल्या बुधवारी पंचायत समितीत आले, ते थेट माझ्या टेबलापाशी. गाडीवाल्याने आठ दिवसांची मुदत दिली आहे म्हणाले. “मग काय पाहिलेत?” मी विचारले.

“हितं पोरां जमिनीवर बसतान, तितं बाकावर. वाचताना दोनी कडं आडतान. पन हितलं पोर आडलं तं आपल्या भाषेन इचारतं, तितलं गप बसतं.” थोडा वेळ ते खिडकीबाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, “मंग सायेब, फी कसाची घेतान?”